कामगाराचा रविवार आणि आकाशाचा छंद

कामगार चळवळीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून तारकांविषयी बोलावे, हे कित्येकांना चमत्कारिक वाटले असेल. पगार, बोनस, हजेरी, बडतर्फी हे आमचे नेहमीचे विषय. ते सोडून आज आम्ही आकाशाकडे का वळलो, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, आम्ही विषय बदललेलाच नाही. माणसाच्या दिवसातले किती तास मालकाचे आणि किती त्याचे स्वतःचे, हा आमचा जुना विषय. आणि जे तास स्वतःचे म्हणून पदरात पडले त्यांचे त्याने काय करावे, हा त्याच विषयाचा दुसरा अर्धा भाग होय. पहिल्या भागासाठी मोर्चे निघतात. दुसऱ्यासाठी कोणी मोर्चा काढीत नाही, म्हणून त्यासाठी व्याख्यान.

आधी शब्दच पाहू. 'छंद' हा शब्द मराठीत पुष्कळ काळ बदनाम होता. 'छंदीफंदी' म्हटले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो वडिलार्जित जमीन विकून मजा मारणारा गृहस्थ. 'त्याला नाद लागला' म्हणजे तो कामातून गेला. फावल्या वेळात आवडीने करावयाचे, पैसा न मिळवून देणारे, पण माणसाचे मन मोठे करणारे काम, हा छंदाचा अर्थ त्या मानाने अलीकडचा आहे. आणि हे साहजिक आहे. फावला वेळ ही वस्तूच सामान्य माणसाच्या घरी नव्हती. ज्यांच्या घरी होती ते बहुधा दुसऱ्याच्या घामावर बसून खाणारे होते. त्यामुळे त्यांच्या छंदांना लोकांनी चांगले नाव दिले नाही, यात लोकांचे काही चुकले नाही. तेव्हा आपल्याकडे छंदाचा इतिहास लिहावयाचा तर तो सुट्टीच्या इतिहासापासूनच सुरू करावा लागतो.

ती सुट्टी कोणी आणली, हे आता शाळेतल्या मुलांनाही माहीत झाले आहे. पण तपशील पुन्हा सांगण्याजोगा आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे मुंबईच्या गिरणीत भांडारपाल म्हणून काम केलेले गृहस्थ, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली सुरू केलेले 'दीनबंधु' पत्र १८८०मध्ये त्यांनी हाती घेतले. १८८४च्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या चौकशी मंडळापुढे ठेवला. मागण्या काय होत्या? दर रविवारी पूर्ण सुट्टी; दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती; सकाळी साडेसहाला काम सुरू होऊन सूर्य मावळता मावळता थांबावे; पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा; कामावर जखमी झालेल्यास भरपाई मिळावी. यात पगार वाढवा असे नव्हते, ही गोष्ट ध्यानात घ्या. पहिली मागणी वेळेची होती. सहा वर्षे हा झगडा चालला. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली.

लोखंड्यांचे नाव रविवारशी जोडले गेले ते योग्यच झाले. परंतु इथे आपल्या वऱ्हाडाकडे पाहावयास हवे, कारण मुंबईला रविवार मिळाला म्हणजे कारंज्याला मिळाला असे मुळीच नाही. कारंजे कापसाचे गाव. निजामाचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली असताना, हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमाने १८८६ साली इथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून कारंज्याचे नाव अजून शेतीबाजाराच्या पुस्तकांत घेतले जाते. मापाला आणि सौद्याला नियम लागला. पण रुई पिंजणाऱ्या, गाठी बांधणाऱ्या माणसाच्या दिवसाला नियम लागायला आणखी पाव शतक जावे लागले. १८९१चा कारखाने कायदा आला, त्यात आठवड्याची सुट्टी आली. पण वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले ते १९११च्या कायद्याने. जिन आणि प्रेस हे हंगामाचेच धंदे. त्याच १९११च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला. याचा अर्थ त्याआधी तो याहून मोठा असे. पुढे १९३४च्या कायद्याने बारमाही कारखान्यांना आठवड्याचे ५४ तास ठरवले, आणि हंगामी कारखान्यांना ६०. म्हणजे कापडगिरणीतल्या माणसापेक्षा जिनातल्या माणसाने आठवड्याला सहा तास जास्त राबावे, हे कायद्यातच लिहिलेले होते. १९४८च्या कायद्याने दोघांनाही ४८ तासांच्या रेषेवर आणले. तो कायदा १ एप्रिल १९४९ला अमलात आला. आमच्या मते कारंज्याच्या जिन कामगाराचा खरा 'रविवार' त्या दिवशी, आणि तोही कागदावर, उजाडला.

आता दुसऱ्या एका संस्थेकडे वळू. ज्या १८९० साली मुंबईच्या कामगारांनी आठवड्याचा एक दिवस मिळवला, त्याच साली लंडनमध्ये ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन नावाची मंडळी जमली. ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ही थोरांची संस्था त्या वेळी होतीच. पण तिची वर्गणी जड, भाषा पंडिती आणि स्त्रियांना सभासदत्व नाही. नव्या संस्थेने वर्गणी हलकी ठेवली आणि स्त्रियांना पहिल्यापासून आत घेतले. दुकानात, कचेरीत, शाळेत दिवस घालवून रात्री घराच्या गच्चीवरून तारे पाहणाऱ्यांसाठी ती होती. ती काढण्यात वॉल्टर माँडर यांचा पुढाकार होता. ते ग्रिनिचच्या वेधशाळेत नोकरीला होते. त्यांच्या पत्नी ॲनी माँडर त्याच वेधशाळेत गणिताचे आणि वेधाचे काम करीत. १८९५ साली लग्न झाले आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे त्यांची नोकरी गेली. (लग्न झाले म्हणून बाईची नोकरी जावी, हा नियम आमच्या कानांना परका वाटत नाही.) रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले ते १९१६ साली. मधल्या काळात ॲनीबाईंची सगळी ज्योतिर्विद्या हौसेच्या खात्यावर चालली.

लंडनची ही हौशी मंडळी आपल्या गोष्टीत येण्याचे कारण असे की, ती वऱ्हाडात येऊन गेली आहेत. २२ जानेवारी १८९८, शनिवार, पौष अमावास्या. त्या दिवशी सूर्याचे खग्रास ग्रहण झाले. सावलीचा पट्टा कोकण किनाऱ्यावर आला, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरावरून पुढे सरकत वऱ्हाडातून गेला आणि ईशान्येकडे निघून गेला. माँडर पतिपत्नींच्या तुकडीने तंबू ठोकले ते मुंबई-नागपूर लोहमार्गावरच्या तळणीला. तळणी म्हणजे धामणगाव आणि पुलगाव यांच्या मधले स्टेशन, आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. कारंज्याचा कापूस पुढे ज्या अरुंद रुळांवरून मूर्तिजापूरकडे जाऊ लागला ती 'शकुंतला' तेव्हा नव्हतीच. ती आली विसाव्या शतकात, आणि आता तीही थांबली आहे.

तळणीला पूर्ण काळोख सुमारे दोन मिनिटे होता. दोन मिनिटांसाठी ही माणसे समुद्र ओलांडून, खोक्यांतून काचा सांभाळीत आली. ॲनी माँडर यांच्याजवळ मोठी दुर्बीण नव्हती. लहान भिंगाचा कॅमेरा होता, आणि त्याने त्यांनी सूर्याच्या प्रभामंडलातून फार दूरवर गेलेला एक किरण टिपला. इतका लांब किरण तोपर्यंत कोणाच्या छायाचित्रात आला नव्हता. त्याच तळावर जॉन एव्हरशेड नावाचे गृहस्थ होते. ते रसायनांच्या व्यापारी पेढीत नोकरी करीत. सूर्याचा अभ्यास हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. तळणीला त्यांनी ग्रहणातल्या सूर्याच्या वर्णपटाची महत्त्वाची छायाचित्रे घेतली. पुढे हेच एव्हरशेड दक्षिणेत कोडाईकनालच्या वेधशाळेत आले, १९०९ साली सूर्यावरच्या डागांतल्या वायूंच्या हालचालीचा त्यांनी लावलेला शोध त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला, आणि १९११ साली ते त्या वेधशाळेचे संचालक झाले. पेढीतला नोकर, रात्रीचा छंद, आणि मधले एक ठाणे आपल्या वऱ्हाडातले तळणी! हा इतिहास आपल्या भागात फार थोड्यांना ठाऊक आहे, याचे आम्हांस वाईट वाटते.

मात्र या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे आम्हांस जमणार नाही. १८९६-९७चा दुष्काळ नुकता सरला होता. मुंबई-पुण्यात प्लेग होता. प्लेगात लोकांची सेवा करता करता लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले, म्हणजे ग्रहणाच्या आधी एक वर्ष. तंबूंच्या मेखा ठोकणारे, पाणी वाहणारे, खोकी उचलणारे हात इथल्याच माणसांचे असणार. त्या माणसांना त्या भिंगातून पाहावयास मिळाले काय? ग्रहणाच्या ग्रंथांत उपकरणांची वर्णने पानेच्या पाने असतात. हमालांचा उल्लेख शोधावा लागतो.

याच ग्रहणाच्या निमित्ताने एक प्रचलित कथाही दुरुस्त करून घ्यावी. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि १८६८च्या ग्रहणात लॉकियरसाहेबाने तिथे बसून हेलियमचा शोध लावला, असे सांगतात. १८६८ साली लॉकियर हिंदुस्थानात आलेलाच नव्हता. ती पिवळी रेषा त्याने इंग्लंडात बसून पाहिली. विजयदुर्गावर तो आला तो १८९८च्या ग्रहणाला. पण खरी गोष्ट कल्पित गोष्टीपेक्षा आम्हांस जास्त आवडते. त्या खेपेस त्याला मदतीला 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेवरचे खलाशी मिळाले होते. दोरखंड ओढणाऱ्या, कोळसा टाकणाऱ्या त्या माणसांना थोडे दिवस शिकवून त्याने निरीक्षणाच्या कामाला लावले, आणि त्यांनी ते केले. साध्या माणसाला शिकवले तर तो शास्त्राच्या कामी येतो, याचा पुरावा हवा असेल तर तो आपल्याच किनाऱ्यावर आहे. कोणी शिकवावयाचे आणि कोणाला बोलवावयाचे, एवढाच प्रश्न उरतो.

आपल्या भाषेत हे बोलावणे पहिल्यांदा मनापासून केले ते शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी. १८५३ साली दापोलीजवळच्या मुरूड गावी त्यांचा जन्म झाला. आयुष्य शिक्षकाच्या नोकरीत गेले. त्यांचा भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास १८९६ साली निघाला, आणि त्याची थोरवी युरोपातल्या पंडितांनीही मानली. आम्हांला मात्र त्यांचे दुसरे, लहान पुस्तक अधिक जवळचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकाच्या आरंभी निघालेले 'ज्योतिर्विलास'. त्याचे जोडनाव आहे 'रात्रीची दोन घटका मौज'. हे जोडनाव बारकाईने वाचावे. दिवसाच्या साठ घटका, एक घटका चोवीस मिनिटांची. दोन घटका म्हणजे तासालाही कमी. पोटापाण्याचे काम आटोपलेल्या माणसाजवळ एवढाच वेळ असतो, हे शिक्षक असलेल्या दीक्षितांना पक्के माहीत होते. त्यांनी रात्र मागितली नाही, दोन घटका मागितल्या. आणि ज्ञान देतो म्हणाले नाहीत, मौज म्हणाले. गावातल्या माणसाला नवा छंद लावावयाचा असेल तर हाक कशी मारावी, याचा हा धडाच आहे. दीक्षित १८९८ सालीच, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी वारले.

त्यांच्यानंतरचा इतिहास आम्ही भराभर सांगतो. व्यंकटेश बापूजी केतकर हेही शिक्षकच. नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असावेत असे गणित त्यांनी मांडले आणि ते १९११ साली फ्रान्समधल्या ज्योतिर्विद्या संस्थेच्या पत्रिकेत छापून आले. पुण्याला सायन्स कॉलेजात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली वेधशाळा होती. प्राध्यापक कावसजी नायगामवाला ती चालवीत. १८९८च्या ग्रहणाला जेऊरला तेच तुकडी घेऊन गेले होते. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि तिची मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली. एकाच माणसाच्या खांद्यावर उभ्या असलेल्या संस्थेचे काय होते, ते संघटनेत काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही. १९२८ साली पुण्यात 'सृष्टिज्ञान' मासिक सुरू झाले आणि शास्त्रीय विषय दरमहा मराठीतून घरी येऊ लागले. २२ ऑगस्ट १९४४ला पुण्यातच ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ही देशातली सर्वांत जुनी संस्था, आणि ती आजही चालू आहे. १९६६मध्ये मराठी विज्ञान परिषद आली. हॅलेचा धूमकेतू येणार म्हणून १९८५ साली मुंबईत जमलेल्या तरुणांतून खगोल मंडळ उभे राहिले.

आता या यादीत गावे कोणती आली ते मोजा. पुणे आणि मुंबई. फार झाले तर नोकरीच्या बदलीने कोणी मास्तर दूर गेला असेल तेवढेच. वऱ्हाडात ग्रहण आले, लंडनचे लोक आले, पण वऱ्हाडच्या माणसाला ही हौस म्हणून कोणी बोलावले नाही. कामगारांना फावल्या वेळाची सोय करून देणारी व्यवस्था आपल्या राज्यात १९५३पासून आहे. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांनी यंत्रावरच्या माणसाला रंगभूमीवर उभे केले, हे फार मोठे काम झाले. तरी एक गैरसमज अजून गेलेला नाही: कामगाराला करमणूक द्यावी, अभ्यासाचा छंद त्याला झेपणार नाही. भजन त्याचे, कबड्डी त्याची, आणि दुर्बीण मात्र प्राध्यापकाची! ही वाटणी आम्हांस मान्य नाही.

कारण आकाश ओळखणे ही आपल्या माणसाची जुनीच विद्या आहे. फक्त तिचा अर्धा भाग हरवला आहे. वऱ्हाडातला कोणताही शेतकरी तुम्हांला पावसाची नक्षत्रे घडाघडा म्हणून दाखवील. मृग, आर्द्रा, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, मग आश्लेषा, मघा, आणि शेवटी हस्ताचा हत्ती. पण त्याला विचारा, मृग आकाशात दाखव. तो बहुधा थांबेल. यात त्याचा अडाणीपणा नाही, शास्त्रीय कारण आहे. मृग नक्षत्र लागले, म्हणजे सूर्य मृगाच्या तारकांपाशी आला. सूर्य जिथे आहे तिथल्या तारका त्याच्या उजेडात बुडतात. ज्या मृगाच्या नावाने आपण पेरतो तो पेरणीच्या दिवसांत दिसतच नाही! तो दिसतो हिवाळ्यात, पौष-माघात, रात्रीच्या पहिल्या प्रहरी माथ्याजवळ: चार कोपऱ्यांना चार तारे, मध्ये एका ओळीत तीन, आणि मागून आग्नेयेकडे झळझळणारा व्याध. म्हणजे नाव शेतात राहिले आणि तारा थंडीतल्या रात्रीत राहिला. दोघांची गाठ घालून द्यावयाची आहे.

आणि पौष-माघ म्हणजे जिनाचा भर हंगाम. वर्षातले सर्वांत श्रीमंत आकाश नेमके त्या महिन्यांत असते, ज्या महिन्यांत आमचा माणूस रुईच्या धुळीत, रेच्यांच्या आवाजात, पत्र्याखाली असतो. रात्रपाळीच्या फाटकाबाहेर उभे राहून आम्ही पुष्कळ थंडी काढली आहे, कारण माणसे भेटावयाची तर पाळी सुटतानाच भेटतात. एका वयस्क हमालाने आम्हांस तिथेच सांगितले होते, "तिकांडं ढळलं का समजाचं भाऊ, भोंगा आता होतेच." तिकांडे म्हणजे मृगाच्या पोटातले ते तीन तारे. त्यांच्या हातात घड्याळ नव्हते. गाठी उचलायला आत-बाहेर करताना दाराच्या चौकटीतून जेवढे आकाश दिसे त्यावर ते वेळ मोजीत. सप्तर्षींना ते 'म्हातारीची बाज' म्हणत आणि शेपटाच्या तिघांना चोर. पुस्तकांतून आम्ही नक्षत्रांची संस्कृत नावे पाठ केली होती. आकाशाचे घड्याळ वाचावयास शिकलो ते फाटकावर.

छंदाविरुद्ध दोन-तीन आक्षेप नेहमी येतात. पहिला: हे ज्योतिषच ना? नाही. आमच्या आकाशात मंगळ हा तांबूस दिसणारा एक ग्रह आहे. त्याच्यामुळे कोणाचे लग्न मोडत नाही. कुंडलीतला मंगळ शोधण्यासाठी माणसे जेवढी पायपीट करतात, तिच्या शंभराव्या हिश्शाने आकाशातला मंगळ सापडतो, आणि दक्षिणाही लागत नाही. ही चेष्टा वाटेल, पण १६ फेब्रुवारी १९८०च्या ग्रहणाला मुंबईसारख्या शहराचे रस्ते भर दिवसा ओस पडले होते, हे आठवणारी माणसे अजून आहेत. भीती शहरातही राहते. दुसरा आक्षेप खर्चाचा. दुर्बीण हवी असे कोणी सांगितले? पहिले वर्ष नुसत्या डोळ्यांचे. दुसऱ्या वर्षी वाटले तर चारजणांत मिळून एक द्विनेत्री. नकाशे मराठीत छापलेले मिळतात. मोबाइलवरही आकाश दिसते, पण त्याचा उजेड डोळ्यांचा अंधार मोडतो, म्हणून तो घरी पाहून यावा. तिसरा: असले काही पाहावयास लोणार आहे की! लोणार जरूर पाहावे. वाशिमला लागून बुलढाणा जिल्ह्यात, बेसॉल्टच्या खडकात, आकाशातून आलेल्या पाषाणाने सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर पाडले, आणि ते आघाताचेच आहे हे १९७३ साली शास्त्रज्ञांनी नमुने तपासून दाखवले. पण लोणार ही वर्षातून एकदा काढावयाची सहल. छंद तो की जो घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असतो.

चौथी अडचण मात्र आक्षेप नव्हे, ती खरी आहे. ती वेळेची. सप्टेंबर २०२५मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्याला मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, असे त्याबरोबर सांगण्यात आले. १९११ साली कापडगिरणीत काय आकडा होता, तो वर आलेला आहे. आठवड्याची बेरीज तीच राहिली तरी बारा तास यंत्रावर उभा राहिलेला माणूस त्या रात्री मान वर करीत नाही, तो अंग टाकतो. कंत्राटावरच्या माणसाला तर साप्ताहिक सुट्टी म्हणजे बिनपगारी दिवस. दीक्षितांनी मागितलेल्या दोन घटकाही त्याच्याकडून हिसकून घेतल्या जात असतील, तर आमचे व्याख्यान त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाही. म्हणून सुरुवातीस म्हटले की, आम्ही विषय बदललेला नाही.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला काढली तेव्हापासून या दिवसांत गावोगावची माणसे संध्याकाळी सतरंजीवर येऊन बसतात. आमची सूचना एवढीच की, महिन्यातून एका संध्याकाळी तीच सतरंजी मांडवातून उचलून बांधावर टाकावी. मुंबई-पुण्याचे आकाश दिव्यांनी पुसून टाकले आहे. कारंज्याचे अजून पुरते पुसलेले नाही. गावाचे दिवे पाठीमागे टाकून दोन-तीन किलोमीटर गेले की पुरे. दर महिन्याच्या अमावास्येलगतचा शनिवार ठरवला आहे. मृग लागल्यापासून हस्त संपेपर्यंत ढगांमुळे सुट्टी. वर्गणी नाही. लहान मुलांना आणावे. घरातल्या बायामाणसांना तर अवश्य आणावे, कारण आकाशदर्शनाला 'गडीमाणसांचे काम' समजण्याची चाल पडू द्यावयाची नाही. विजेरी आणल्यास तिच्या तोंडाला लाल कागद बांधावा. पायांत जोडे असावेत, बांधावर विंचू-काटा असतो.

वैशाखात काय दिसेल ते सांगतो. अंधार पडताच पश्चिमेला मृग मावळण्याच्या बेतात असेल. त्याला निरोप द्यावा, तो पुढे पावसासकट परत येतो, पण दिसत नाही. उत्तरेला सप्तर्षी उंच. म्हातारीच्या बाजेमागचे तीन चोर ज्या वळणाने चालले आहेत ते वळण तसेच पुढे न्यावे, म्हणजे पूर्वेकडचा नारिंगी छटेचा तेजस्वी तारा लागतो, तो स्वाती. आणखी पुढे नेले की आग्नेयेस पांढरी शुभ्र चित्रा. माथ्याजवळ मघा. ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून फक्त साडेवीस अंश वर, म्हणजे आपल्या गावाच्या अक्षांशाइतकाच. हात लांब करून मुठीने मोजले तर दोन मुठी. नऊ-दहाच्या सुमारास दक्षिणेला क्षितिजाशी, झाडांच्या शेंड्यांलगत, चार ताऱ्यांचा लहान पतंग उभा राहतो. तो त्रिशंकू. लंडनच्या मंडळींना तो घरून कधीच दिसत नाही. त्यांना त्यासाठी आपल्याकडे यावे लागते.

रात्रपाळीवाल्यांसाठी दुसरी बैठक त्याच रात्री पहाटे चार वाजता ठेवली आहे. पाळी सुटली की घरी न जाता सरळ बांधावर यावे. चहा तिथे असेल. त्या वेळी वृश्चिक नैर्ऋत्येला कललेला असतो, धनू दक्षिणेला, अभिजित माथ्याच्या उत्तरेस, आणि त्यांच्यामधून आकाशगंगा आडवी गेलेली असते. उजाडायला साधारण दोन घटका उरलेल्या असतात.